बिनवासाचं पिंप

हुंगेराव हे त्याचं नाव नव्हतं, आडनावही नव्हतं. ती लोकांनी दिलेली पदवी होती आणि त्यानं ती कष्टानं मिळवली होती. दुधाची पिशवी घरात आली की आधी त्याच्या नाकाला लागायची. नवा शर्ट, जुना पेपर, शेजाऱ्यानं परत केलेला पेचकस, कशालाच सूट नव्हती. एकदा बँकेतल्या कारकुनानं सही करायला पेन दिलं, तर ह्यानं ते हुंगून "तुम्हाला सर्दी होणार आहे" असं सांगितलं. कारकून हसला, आणि दुसऱ्या दिवशी रजेवर गेला. तेव्हापासून बँकेत त्याला स्वतःचं पेन आणायला सांगतात.

माणसांच्या बाबतीतही त्याची रीत हीच. ओळख झाली की समोरच्याच्या खात्यावर भरपूर संशय जमा करायचा आणि मग अनुभव येईल तसा त्यातून थोडाथोडा वळता करायचा. दूधवाल्याचा बराच वळता झाला होता, घरमालकाचा जवळजवळ नाही. मेहुण्याचं खातं सगळ्यांत जाड होतं. फक्त बायकोचं खातं त्यानं कधी उघडलंच नव्हतं. का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. काही माणसांचा हिशेब ठेवायचा नसतो, एवढंच.

घर तळमजल्यावर होतं. पुढे बसायची खोली, मधे स्वयंपाकघर आणि मागे अंगणाकडे उघडणारी माशांची खोली. तिथे लोखंडी मांडण्यांवर काचेच्या टाक्या, भिंतीशी पाण्याचं एक मोठं पिंप आणि काही लहान कॅन, आणि दिवसभर हवेच्या पंपाची घरघर. आत गेलं की चष्म्यावर वाफ धरायची. हुंगेराव मासे वाढवायचा आणि दुकानांना द्यायचा. ह्या धंद्यात निम्मं काम माशांचं असतं आणि निम्मं पाण्याचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, ते थेट टाकीत ओतलं तर मासे तडफडतात. म्हणून पाणी आधी पिंपात भरून, बुडबुडे सोडून, मुरू द्यायचं आणि मग वापरायचं. नवी पिंपं घेण्याची चैन कुणी करत नाही. सगळे जुनी घेतात. जुनं पिंप घेणं म्हणजे जुना नोकर घेण्यासारखं, आधी कुठे होता, काय करत होता, का सोडलं, सगळं विचारावं लागतं.

त्या दिवसांत त्याचा सगळा जीव एका जोडीवर होता. डिस्कस जातीचे मासे, बशीसारखे गोल आणि चपटे, तांबूस, अंगावर निळ्या लाटा. हे मासे स्वतःची अंडी स्वतःच खाऊन टाकतात म्हणून बदनाम आहेत. धंद्यातले लोक अंडी उचलतात आणि बरणीत वेगळी उबवतात. हुंगेरावला ते मान्य नव्हतं. आईबापांनीच पिल्लं वाढवायला हवीत, असा त्याचा हट्ट. ह्या पिल्लांचा पहिला घास म्हणजे आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव. तो दुसरं कोण देणार? त्या हट्टापायी कितीतरी वेळची अंडी वाया गेली होती. ह्या वेळी मात्र पिल्लं झाली, तरंगायला लागली आणि एक दिवस सगळीच्या सगळी आईच्या अंगाला जाऊन चिकटली, जशी कुणी तिच्यावर मिरपूड भुरभुरली असावी.

बायको दुपारचा चहा घेऊन त्या टाकीसमोर स्टुलावर बसायची. घरात तिसरं माणूस नव्हतं. का नाही, हे डॉक्टरांना विचारणं दोघांनी सोडून बरीच वर्षं झाली होती, आणि एकमेकांना विचारणं त्याच्याही आधी.

"बघा, बघा," ती म्हणायची, "ती दमली की तो येतो. पोरं इकडून उठतात, तिकडे बसतात. आमच्या बाबांनी मला एवढं घेतलं नव्हतं."

"तुझ्या भावाला घेतलं असेल. म्हणून तो असा झालाय."

"माझ्या भावाचं नाव काढल्याशिवाय तुमचा चहा गोड होत नाही का?"

ह्या पिल्लांना रोज अर्धी टाकी ताजं, मुरलेलं पाणी लागतं. नेमकं तेव्हाच मोठं पिंप तळाला चिरलं आणि रात्रीतून सगळं पाणी अंगणात गेलं. उरलेल्या लहान कॅनवर फार दिवस निघणार नव्हते. नाइलाजानं हुंगेरावनं मेहुण्याला फोन केला.

मेहुणा सामान पोचवायची गाडी चालवायचा. गावातली सगळी गोदामं, सगळ्या मागच्या गल्ल्या त्याला ठाऊक. हौशी माणूस, कुणाचंही काम अंगावर घ्यायचा आणि निम्म्यात विसरायचा. ह्याआधी त्यानं आणलेल्या एका कॅनमधून, तीनदा धुतल्यावरही, फेस आला होता. गाड्या धुवायच्या द्रावणाचा होता तो. "पण कॅन स्वच्छ होता ना, दाजी?" असं त्यावर त्याचं म्हणणं.

संध्याकाळच्या आत त्याची गाडी दारात उभी राहिली.

"दाजी, आणलं! तुमच्या नाकाला शोभेल असं."

दुधी रंगाचं, कमरेइतकं उंच, रुंद तोंडाचं पिंप होतं. झाकण मूळचंच.

"कुठून आणलंस?"

"जुन्या डब्यांचं गोदाम आहे ना, पुलापलीकडे. ती बाई देतच नव्हती. मागे लागून आणलं."

"देत नव्हती म्हणजे?"

"तिला वाटलं असेल, मी तुमच्यासारखा आहे. नेणार कमी, विचारणार जास्त."

"आत काय होतं?"

"हवा."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीही हवाच असणार, दाजी. पिंप आहे ते, माझं पोट नाही."

बायको हसली. हुंगेराव हसला नाही. त्यानं पिंप आडवं पाडलं आणि बूड पाहिलं. त्रिकोणात दोनचा आकडा, शेजारी पेला आणि काटा, म्हणजे खाण्याच्या वस्तू ठेवायचं प्लास्टिक. आतून ओरखडा नाही. ओरखड्यात जुनं काहीतरी दडून बसतं आणि महिन्यांनी बाहेर येतं. रंग उडालेला नाही, झाकणाची रबरी पट्टी शाबूत. मग त्यानं डोळे मिटले आणि डोकं आत घातलं.

वास आला नाही.

वास नाही म्हणजे वाईट वास नाही, असं नव्हे. कसलाच नाही. तेलाचं पिंप तेलाचं राहतं, साबणाचं साबणाचं. अगदी कारखान्यातून आलेल्या कोऱ्या पिंपालाही कोऱ्या प्लास्टिकचा वास असतो. ह्याला तोही नव्हता. त्यानं आत श्वास सोडला आणि पुन्हा ओढला. सकाळी कांदा खाल्लेला होता. जाताना त्या श्वासाला कांद्याचा वास होता, येताना नव्हता.

"काय निघालं?" मेहुण्यानं विचारलं.

"काही नाही."

"मग तोंड असं का?"

"काही नाही, म्हणूनच."

त्यानं पिंपाची सगळी परीक्षा घेतली. झाकण घट्ट लावून दिवसभर पिंप उन्हात ठेवलं, कारण तापलं की प्लास्टिक लपवलेलं सगळं बोलून टाकतं. झाकण उघडलं तर नुसती गरम हवा. कढत पाणी ओतलं, वर तेलाचा तवंग येतो का ते तिरपं बघितलं. पाणी काचेसारखं. खायचा सोडा घालून घासलं. मग व्हिनेगर ओतलं आणि पिंप गोल गोल फिरवलं. फिरवता फिरवता त्याच्या लक्षात आलं की व्हिनेगरचा वास येत नाहीये. बाटली मेहुण्यानंच आणून दिलेली, तेव्हा संशय सरळ तिकडे गेला. त्यानं बाटली नाकाला लावली आणि ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. बाटलीतलं व्हिनेगर चांगलं कडक होतं. पिंपातलं मात्र पाण्यासारखं गप्प.

शेवटी त्यानं स्वयंपाकघरातलं पांढरं फडकं घेतलं आणि आतून पुसलं. फडक्यावर डाग आला नाही. पण त्या फडक्याला आधी फोडणीचा, साबणाचा, ओल्या भिंतीचा असा जो मिळूनमिसळून वास होता, तो गेला होता.

आता राहिला साक्षीदार. ही हुंगेरावची खास पद्धत. कोणतंही जुनं भांडं वापरात घ्यायचं तर त्यात पाणी भरायचं आणि कोपऱ्यातल्या टाकीतला एक साधा गप्पी मासा त्यात सोडायचा. काही दिवस त्याला तिथे एकट्याला राहू द्यायचं. तो जगला तर भांडं पास. त्या गप्पीला घरात साक्षीदार म्हणत.

साक्षीदार जगला. नुसता जगला नाही, तजेला आला त्याला. शेपटीचा पंखा पसरून पिंपभर मिरवायचा.

संशयी माणसाची एक मोठी पंचाईत असते. त्याच्या परीक्षेत कुणी पास झालं, की त्याला हरकत घ्यायला तोंड उरत नाही. इकडे लहान कॅनमधलं पाणी संपत आलं होतं आणि पिल्लं रोज मोठी होत होती. त्यानं साक्षीदाराला जाळीनं उचलून त्याच्या कोपऱ्यातल्या टाकीत परत सोडलं आणि पिंप रुजू करून घेतलं.

पहिले काही दिवस सगळं ठीक होतं. पाणी इतकं नितळ, की टाकीतले मासे हवेत टांगल्यासारखे दिसत. हुंगेराव कोपरापर्यंत हात भिजवून नळी धरायचा, काच पुसायचा. मेहुणाही हल्ली येता-जाता डोकावायचा आणि आपण आणलेल्या पिंपाकडे, स्वतः घडवल्यासारखं, बघायचा.

मग एका दुपारी स्टुलावरून बायकोची हाक आली.

"अहो, इकडे या जरा. पोरं तिच्या अंगावर बसत नाहीयेत."

पिल्लं टाकीभर विखुरली होती. आई मधे होती. ती त्यांच्यामधून पोहत गेली, जसं बुडबुड्यांमधून जावं. हुंगेरावनं श्वास रोखला. आता ती खाणार, असं त्याला वाटलं. तिनं खाल्लं नाही. तिनं त्यांना ढकललं नाही, हुसकलं नाही, वळूनही पाहिलं नाही. खाल्लं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं, पण ते समजलं असतं. हे कळेना. थोड्या वेळानं नर खालून वर आला. दोघं समोरासमोर आली, थांबली आणि एकमेकांना वाट देऊन दोन दिशांना गेली.

"भांडली का?" बायकोनं हळूच विचारलं.

"भांडली असती तर बरं."

त्यानं पाणी तपासलं. तपासणीच्या नळीत थेंब टाकले, रंग जुळवले. पाणी निर्दोष होतं. इतकं निर्दोष त्याच्या टाक्यांत कधीच नव्हतं. उठताना त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या गप्पींच्या टाकीकडे गेलं. सगळे गप्पी घोळक्यानं एका बाजूला होते. साक्षीदार दुसऱ्या टोकाला, एकटा, ऐटीत शेपटी पसरून. कुणी त्याला टोचत नव्हतं. त्याच्यासाठी फक्त जागा सोडलेली होती.

संध्याकाळी मेहुणा आला, तो सरळ सुनावणीलाच.

"खरं सांग. काय होतं त्या पिंपात?"

"दाजी, झालं का सुरू? रिकामं होतं म्हणून सांगितलं ना."

"रिकाम्या भांड्याला स्वतःचा वास असतो."

"आणि असता तर म्हणाला असतात, वास का आहे! म्हणजे माणसानं करायचं तरी काय?"

"अहो, त्याला कशाला बोलता?" बायको मधे पडली. "पाणी तर इतकं छान आहे. मी तर रोज त्यानंच केस धुते."

हुंगेराव तिच्याकडे वळला. "कधीपासून?"

"पिंप आलं तेव्हापासून. नळाच्या पाण्यानं काय राठ होतात! तुम्ही उपसून ठेवता, त्यातलंच बादलीभर घेते. एवढं काय?"

"मी तर बाटली भरून नेतो गाडीत," मेहुणा म्हणाला. "काहीच चव नाही. मस्त."

हुंगेराव उठला, बायकोजवळ गेला आणि तिच्या डोक्याशी वाकला.

"अहो, काय हे! भाऊ बसलाय समोर."

"मी डोळे मिटतो, ताई. माझी काही हरकत नाही."

तिच्या केसांना एक वास होता. त्याला त्यानं कधी नाव दिलं नव्हतं, कारण घरच्या माणसाचं नाव कुणी विचारत नाही. तो वास तिथे नव्हता. पुन्हा श्वास घेतला. मानेशी, खांद्याशी. नव्हता. मग त्यानं स्वतःचे हात नाकाशी धरले. त्यांनाही वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माशांच्या खोलीत होता. वाकून काच पुसत होता. सरळ होऊन वळला, तर दारात कुणीतरी उभं.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"अहो, मी!" ती हसली. पण हसण्याच्या आधी एक क्षण गेला, आणि त्या क्षणात तिनंही त्याच्याकडे तसंच बघितलं होतं, दार चुकल्यासारखं. इतक्या वर्षांत ती मागे येऊन उभी राहिली आणि त्याला न बघता कळलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

ती चहा ठेवून गेली. चहात साखर नव्हती. तो साखरेशिवाय चहा पीत नाही, हे ती विसरली, की मुद्दाम घातली नाही? आणि केस धुते हे इतके दिवस का सांगितलं नाही? भावाला आधीच माहीत होतं का? त्याचं त्यालाच दचकायला झालं. हे असले प्रश्न तो इतरांबद्दल विचारायचा. त्या सकाळी बायकोचं खातं उघडलं गेलं.

कप तसाच ठेवून तो पुलापलीकडच्या गोदामात गेला.

पत्र्याच्या छपराखाली डबे, पिंपं, बरण्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. प्रत्येक रांगेचा वास वेगळा, रंगाचा, मधाचा, गोंदाचा. हुंगेरावच्या जिवाला जरा बरं वाटलं. गोदामवाली बाई पायांत बूट घालून एका डब्यावर बसली होती आणि झाकणं निवडत होती.

"दुधी पिंप," तो म्हणाला. "रुंद तोंडाचं. आमचा मेहुणा घेऊन गेला."

तिनं वर बघितलं. "परत आणलंत?"

"नाही."

"आणा मग. सगळे आणतात."

"आत काय होतं त्यात?"

"माझ्याकडे आलं तेव्हा रिकामं होतं. ज्यानं आणलं, त्याच्याकडेही रिकामंच आलं होतं म्हणे. मी हल्ली कुणाला देत नाही ते. तुमच्या माणसानं डोकं खाल्लं माझं."

ह्या बाबतीत तिच्यावर संशय घ्यायला जागा नव्हती.

"आमच्या आधी कुणी नेलं होतं?"

बाईनं हातातलं झाकण खाली ठेवलं. "एक नवरा-बायको होते. गच्चीवर पाणी साठवायला हवं होतं त्यांना. न्यायला आले तेव्हा काय भांडत होते! हे घे, ते घे, तुला काही कळत नाही, तुम्हाला फार कळतं. चांगला संसार चाललेला असतो ना, तसं. मग एक दिवस परत घेऊन आले. एकाच गाडीतून उतरले. मी म्हटलं, बोला. तर त्या बाई म्हणाल्या, ह्यांचं आधी बघा, हे माझ्या आधी आलेत. आणि ते म्हणाले, नाही नाही, बाईंना घाई असेल." ती थांबली. "पिंप एकच होतं हो."

"मग?"

"मग काय, ठेवून गेले. एक ह्या रस्त्यानं, एक त्या. फार सभ्य वागत होती दोघं एकमेकांशी. मला त्याचीच भीती वाटली."

वर पत्रा तापून कुरकुरला.

"सगळ्यांचंच असं झालं?"

"नाही. एक म्हातारा होता. एकटाच राहायचा, कुणी नव्हतं त्याला. त्यानं वर्षभर वापरलं आणि कसलीच तक्रार केली नाही. तो गेल्यावर घरमालकानं आणून टाकलं." तिनं हुंगेरावकडे नीट पाहिलं. "तुमच्या घरी कोण कोण आहे?"

हुंगेरावच्या डोळ्यांसमोर पिंपात मिरवणारा गप्पी आला. त्यानं त्याला एकट्याला ठेवलं होतं. प्रत्येक भांड्याला त्यानं असाच एकटा साक्षीदार दिला होता आणि त्याच्या जगण्यावर निकाल लावला होता. पाण्यानं मासा मरतो का, एवढंच तो विचारत आला होता. एकटा मासा कुणाला विसरला, हे दिसणार कसं?

तो जवळजवळ धावतच निघाला. घरी जायचं, पिंप लाथेनं पाडायचं, पाणी अंगणात जाऊ द्यायचं. टाकीतलं सगळं पाणी काढायचं, नळाचं भरायचं, क्लोरीन मारायचं औषध घालून, काय होईल ते होवो. बायकोला तिच्या मावशीकडे पाठवायचं.

पुलावर त्यानं मनातल्या मनात तिला उभं करून बघितलं. उंची मध्यम. चष्मा वाचण्यापुरता. जिना चढताना कठड्याला हात लावत नाही. सगळं बरोबर आठवत होतं. पण कुणीतरी हरवलेल्या माणसाचं वर्णन वाचून दाखवावं, तसं.

चालता चालता त्याला वाटलं, आपण जरा उगाचच घाई करतोय.

घरासमोर सामानाची एक गाडी उभी होती. एक माणूस पाण्याची बाटली हातात घेऊन पायरीशी उभा होता.

"कुणाकडे?" त्या माणसानं विचारलं.

"इथेच."

"मीही इथेच. चला, बरं झालं."

दार एका बाईंनी उघडलं. नुकतेच धुतलेले केस, खांद्यावर टॉवेल. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"या ना. बसा."

खोली नीटनेटकी होती. दोन खुर्च्या, एक दिवाण. हुंगेराव दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसला, गाडीवाला दिवाणावर. बाईंनी पाणी आणून दिलं. दोघांनी घेतलं. पाणी छान होतं.

"मालक?" हुंगेरावनं विचारलं.

"येतील इतक्यात. म्हणजे, यायला हवेत. मीही त्यांचीच वाट बघतेय."

"माझं मागच्या खोलीत जरा काम होतं," तो म्हणाला. "एक पिंप आहे तिथे. ते ओतून टाकायचं होतं."

"आहे खरं एक. दुधी रंगाचं."

"ओतू का?"

बाई संकोचल्या. "दुसऱ्याच्या घरातली वस्तू. त्यांना विचारल्याशिवाय हात कसा लावायचा?"

"खरं आहे," गाडीवाला म्हणाला.

हुंगेरावलाही ते पटलं. असं न विचारता घुसणाऱ्या माणसांचा त्याला स्वतःलाच राग होता.

"मागे मासे आहेत," थोड्या वेळानं बाई म्हणाल्या. "बघून आले मी. बारकी बारकी पिल्लं आहेत एका टाकीत. मोठेही आहेत दोन. पण ती त्यांची नसावीत."

"असं?"

"तसं काही दिसलं नाही."

ऊन खिडकीतून जमिनीवर आलं होतं, ते दिवाणापर्यंत सरकलं. मागून पंपाची घरघर येत होती. गाडीवाल्यानं एकदा घड्याळ बघितलं आणि तुमचा वेळ तर जात नाहीये ना, असं दोघांना विचारलं. दोघांनीही, नाही नाही, म्हटलं.

समोर फळीवर एक फोटो होता. एक बाई आणि एक माणूस, दोघं कशावर तरी हसताहेत. माणसानं मान तिच्या केसांकडे वळवलेली. मागे एक तरुण तोंड वेडंवाकडं करून उभा.

"चांगली माणसं दिसतात," हुंगेराव म्हणाला. "तुमच्या नात्यातली?"

"नाही हो. मला वाटलं, तुमच्या."

दोघांनी गाडीवाल्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली.

बाई आणखी थोडा वेळ बसल्या. मग उठल्या आणि फळीशी गेल्या.

"सारखं कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं होतं, नाही?" त्या म्हणाल्या. परक्याच्या वस्तूला लावावा तसा त्यांनी फोटोला अगदी हलका हात लावला आणि तो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मग तिघांनाही जरा बरं वाटलं.